आकुर्डीचा मुक्काम

वारी म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी चित्रं ठरलेली असतात. दिवे घाटाच्या वळणांवरून चढत जाणारी पताकांची रांग, बेलवाडीचं गोल रिंगण, नीरेच्या पाण्यातलं पादुकांचं स्नान, वाखरीचा माळ. कॅलेंडरवर हीच, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हीच आणि मोबाइलवरही हीच. देहूतल्या इनामदार वाड्यातून निघाल्यावर तुकोबारायांची पालखी पहिली रात्र कुठे काढते, असं विचारलं तर पुण्याबाहेरचे पुष्कळ जण अडखळतात. ती रात्र आकुर्डीत असते. जुना मुंबई-पुणे रस्ता, त्याच्या कडेला बजाज ऑटोचं लांबलचक आवार, पलीकडे गावठाण आणि गावठाणात विठ्ठल मंदिर. इथे घाट नाही, माळ नाही, आणि छायाचित्रकारही पालखी मंदिरात गेली की पुण्याच्या दिशेनं निघतात.

मला मात्र हा मुक्काम साऱ्या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजची वारी कोणत्या महाराष्ट्रातून चालते, हे इथे जितकं उघड्यावर दिसतं तितकं पुढच्या कुठल्याही मुक्कामावर दिसत नाही.

२०२५ मध्ये १८ जूनला देहूत प्रस्थान झालं आणि १९ जूनला, गुरुवारी, पालखी आकुर्डीत आली. वार मुद्दाम सांगतो आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक भागांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून वार वाटून दिलेले आहेत, त्यात इथल्या वाट्याला गुरुवार आला. एरवी हाफ डे टाकून किंवा सेकंड शिफ्ट बदलून घेऊन दर्शनाला येणारे कामगार त्या दिवशी बायकापोरांसह दुपारपासूनच रस्त्याच्या कडेला उभे होते.

देहू ते आकुर्डी हे अंतर दहा-बारा किलोमीटरचं, म्हणजे वारीच्या हिशेबात हलकं. पण या छोट्या टप्प्यात काय काय येतं पाहा. देहू सोडल्यावर पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि वाटेवरची पहिली अभंगआरती तिथे होते. मग चिंचोलीचं पादुका मंदिर लागतं, मग देहूरोडची छावणी आणि लष्कराचा डेपो. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचं आपलं मत तिथल्या भाषणात मांडलं. पुढे निगडीला शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं भक्ती-शक्ती शिल्प आहे. महापालिका पालखीचं स्वागत त्याच चौकात करते, आणि तिथून औद्योगिक नगरी सुरू होते.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असं मानतात. त्यापुढची जवळजवळ पावणेतीनशे वर्षं या वाटेवर शेतं आणि वाड्या होत्या. बदल सुरू झाला तो १९५४ मध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यानं दुसऱ्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलीन तयार केलं. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, जमिनी संपादित झाल्या. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, पिंपरीत टेल्को आली, आणि मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपांची गर्दी भोसरी-चिंचवडला झाली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. जकातीच्या उत्पन्नावर ही महापालिका इतकी गब्बर झाली की तिला आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाख भरली.

ही माणसं आली कुठून? सातारा, सांगली, सोलापुरातून आली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आली, नंतर खानदेश आणि विदर्भातून, अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशातून. म्हणजे पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्या ज्या गावांमधून येतात, त्याच गावांच्या पोरांनी हे शहर बांधलं. तुकोबांच्या सोहळ्यात तीनशेहून अधिक दिंड्या असतात. त्यांतल्या कितीतरी दिंड्यांच्या गावचा कुणी ना कुणी आकुर्डीपासून पाच-सात किलोमीटरच्या आत खोली करून राहत असतो. मुक्कामाच्या संध्याकाळी या दोन अर्ध्यांची गाठ पडते. ती कशी पडते, हे पाहायचं तर मंदिराच्या गर्दीतून बाहेर पडून शाळांकडे जायला हवं.

महापालिकेच्या शाळा त्या रात्री दिंड्यांना दिलेल्या असतात. मी गेलो त्या शाळेत परभणी जिल्ह्यातली एक दिंडी उतरली होती. वर्गातली बाकं भिंतीला रचून ठेवलेली, मधे सतरंज्या. फळ्यावर बेरजेची गणितं तशीच होती आणि त्यांच्यावर दोरी बांधून ओली लुगडी वाळत घातली होती. मैदानात दिंडीचा ट्रक, त्याच्या फाळक्याला ताडपत्री बांधून खाली दोन मोठे गॅसचे शेगडे पेटवलेले. भाताचं पातेलं चढलं होतं. व्हरांड्यात ओळीनं बसलेल्या बायका पायाला खोबरेल तेल लावत होत्या. पहिल्या दिवशी फोड फारसे येत नाहीत, पण सिमेंटचा रस्ता पोटऱ्यांना बाधतो. शेतातली वाट रोज तुडवणारे पायसुद्धा काँक्रीटवर लवकर भरून येतात, हे मी बऱ्याच जणींकडून ऐकलं.

त्यांच्यातल्या एका साठीच्या बाईंना भेटायला त्यांचा मुलगा आला होता. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो, चिखलीत भाड्यानं राहतो. बरोबर बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. आजी-नातीची गाठ दिवाळीनंतर प्रथमच पडत होती. मुलगी आजीच्या गळ्यातली तुळशीची माळ हातात घेऊन एकेक मणी सरकवत बसली.

"माय, घरी चल. रातभर पाठ टेकशील, सकाळी चारला आणून सोडतो," मुलगा म्हणत होता.

"कामून येऊ? दिंडी इथं अन् मी तिथं, बरं दिसतं का? तूच बस घडीभर."

तो बसला. आईनं त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावरून बोट फिरवत राहिली. लोखंडाची बारीक बर कातडीत शिरून काळे ठिपके पडले होते. "हे रोजचंच का?" तिनं विचारलं. "हातमोजे घातले की माप नीट लागत नाही," तो म्हणाला. मग तिनं पगाराचं विचारलं नाही, नोकरी पक्की झाली का एवढंच विचारलं. त्यानं मान हलवली. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवी भरती. वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं काही हक्क लागू होतात, ते होऊ नयेत म्हणून ही कसरत असते, आणि इथल्या प्रत्येक टेम्पररी कामगाराला तो आकडा पाठ असतो. आईची दिंडीतली भिशी या मुलानंच भरली होती. दरवर्षी भरतो. स्वतः वारी कधी केली का, या माझ्या प्रश्नावर त्यानं सांगितलं, की अठरा-एकोणीस दिवसांची रजा टेम्पररीला कोण देणार. गेलो तर परत गेटवर घ्यायचे नाहीत.

या एका वाक्यात या मुक्कामाचं सगळं महत्त्व आलं. गावाकडे आषाढाच्या तोंडावर पेरणी उरकून माणूस चालू पडू शकतो. मालक तोच, शेत त्याचंच. कारखान्यात कॅलेंडर दुसऱ्याच्या हातात असतं. म्हणून या शहरातला वारकऱ्याचा मुलगा वारकरी राहतो तो एका संध्याकाळपुरता. त्यानं श्रद्धा सोडली असं समजणाऱ्यांनी त्या शाळांच्या व्हरांड्यात एकदा जाऊन बसावं.

रात्री नऊच्या सुमाराला हरिपाठ झाला, मग भजन. मला तिथे भेटलेले एक निवृत्त गृहस्थ आकुर्डीतच स्कूटरच्या असेंब्लीवर उमेदीची वर्षं काढलेले. २००७ मध्ये तिथलं वाहनांचं उत्पादन थांबलं, तेव्हा ते बाहेर पडले. (२०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला, पण तोवर त्यांच्या पिढीचं वय निघून गेलं होतं.) ते मला वीणेकऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, वीणा खाली ठेवत नाहीत. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं, मगच मोकळं व्हायचं. आमच्या लाइनवर असंच होतं. बदली येऊन उभी राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही." ते दर मुक्कामाला येतात आणि मध्यरात्रीनंतर तास-दोन तास वीणा घेऊन उभे राहतात. नाइट शिफ्टची सवय अजून अंगात आहे म्हणाले.

शहर या पाहुण्यांचं स्वागत मनापासून करतं, यात शंका नाही. निगडीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, साबुदाण्याची खिचडी, चहा, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे रेनकोट. चपला शिवून देणारे, दाढी-कटिंग करून देणारे, पाय चेपून देणारे, सगळे फुकट. फार्मसी आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी रक्तदाब तपासत असतात. हे पाहून ज्याचं मन भरून येत नाही तो माणूस मला भेटलेला नाही.

पण जरा स्पष्ट बोलायला हवं. या टप्प्यावर खाणं जरुरीपेक्षा कितीतरी जास्त होतं. पहिलाच दिवस असतो, दिंडीची शिधासामग्री भरलेली असते, चाल कमी असते. हातात पडलेला तिसरा लाडू आणि चौथं केळं पिशवीत जातं, आणि संध्याकाळपर्यंत काळं पडून दुभाजकापाशी. जो उत्साह या वीस-पंचवीस किलोमीटरवर ओसंडतो, त्यातला निम्मा जरी बारामतीच्या पुढे, सणसर-अंथुर्णे-निमगाव केतकीच्या रस्त्यावर पोचला, तरी त्याचं पुण्य दुप्पट होईल. तिथे पाय थकलेले असतात आणि देणारे हात विरळ. यवतच्या ग्रामस्थांनी पिठलं-भाकरीची पंगत वर्षानुवर्षं चालवली आहे. ती गावाची आहे, घराघरातून येते, तिच्यावर कुणाचं नाव नसतं. आमच्या शहरात मात्र लाडवाच्या पाकिटापेक्षा त्यावरचा इच्छुक उमेदवाराचा फोटो मोठा असतो. हे बदललं पाहिजे.

कमी पडतं ते निराळंच. पहाटे साडेतीनला त्याच शाळेत मी पाहिलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्राथमिक शाळेची स्वच्छतागृहं मुलांच्या मापाची असतात आणि मुलांच्या संख्येला पुरतील इतकीच असतात. दिंडीत अडीचशे माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. फिरती शौचालये रस्त्याच्या टोकाला उभी होती, पण तिथवर उजेड नव्हता आणि पाणी संपलं होतं. बायका चौघी-चौघींनी लुगडी धरून आडोसा करत टँकरच्या मागे अंघोळ उरकत होत्या. उजाडायच्या आत उरकायचं म्हणून दोनलाच उठलेल्या. त्या शाळेपासून चालत पाच मिनिटांवर एका कारखान्याची भिंत होती. भिंतीआड शेकडो कामगारांसाठी बांधलेली न्हाणीघरं, लख्ख दिवे, चोवीस तास पाणी. सुट्टीमुळे सगळं कुलूपबंद. गेल्या काही वर्षांत निर्मलवारीच्या कामामुळे वारीत शौचालयांची सोय पुष्कळ वाढली आहे, ते काम करणाऱ्या तरुणांचे उपकार आहेत. पण इतक्या न्हाणीघरांच्या शहरात बाईला टँकरमागे अंघोळ करावी लागते, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

सकाळी पालखी निघाली तेव्हा शुक्रवार उजाडला होता आणि कारखाने सुरू झाले होते. कंपन्यांच्या बस सर्व्हिस रोडवर थांबल्या होत्या. फर्स्ट शिफ्टचे लोक खिडकीतून हात जोडत होते, काही उतरून रथापर्यंत पळत जाऊन परत येत होते. ड्रायव्हर हॉर्न देत नव्हते. पिंपरीला एचए कॉलनीत पालखी विसावते. ही त्या पेनिसिलीनच्या कारखान्याचीच वसाहत. कारखान्याचे वैभवाचे दिवस सरले, पण वसाहतीतली झाडं मोठी झाली आहेत आणि सकाळच्या त्या घटकेला त्यांची सावली फार सुखाची वाटते. पुढे कासारवाडी, मग दापोडी. डोक्यावर मेट्रोचा पूल, खाली टाळ. दापोडीला पवना मुळेला मिळते आणि हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून पालखी पुण्याकडे जाते. पुलावरून चालताना वारकरी नाकाला पदर लावतात.

या पदरापाशी थांबलं पाहिजे, कारण घाण एकट्या मुळेत नाही. देहू आणि आळंदी ही दोन्ही तीर्थं इंद्रायणीच्या काठची. लोणावळ्याकडून येणारी ही नदी देहू सोडल्यावर तळवडे, चिखली, मोशीच्या कडेनं आळंदीला जाते. एका काठाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला चाकणचा औद्योगिक पसारा. गेली काही वर्षं वारीच्या तोंडावर आळंदीच्या बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग साचतात आणि त्यांची छायाचित्रं देशभर जातात. फेस कशानं होतो हे गूढ नाही. साबण, डिटर्जंट आणि कारखान्यांत धुण्यासाठी वापरायची रसायनं प्रक्रिया न होता पाण्यात उतरली, आणि ते पाणी बंधाऱ्यावरून कोसळलं, की त्यात हवा कोंडली जाते. प्लेटिंग आणि धातू धुण्याची कामं करणारे लघुउद्योजक म्हणतात, स्वतंत्र प्रक्रिया प्रकल्प आम्हाला परवडत नाही, सामायिक प्रकल्प द्या. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण सामायिक प्रकल्पाची चर्चा वर्षानुवर्षं चालते आणि नाले रोज वाहतात. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली भंगाराची गोदामं महापालिकेनं मोठ्या प्रमाणावर पाडली, नदीप्रदूषण हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. घरगुती सांडपाण्याचा वाटा मात्र आपला सगळ्यांचा आहे, तो कुठल्या बुलडोझरनं जाणार नाही.

वारकरी संप्रदाय या बाबतीत नेहमीच गप्प बसलेला नाही. तुकोबांनी जिथे एकांत साधला त्या भामचंद्र डोंगराच्या परिसरात, शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. २००८ मध्ये वारकऱ्यांनी आणि ग्रामस्थांनी त्याला कडाडून विरोध केला, कीर्तनकार बंडातात्या कराडकर त्यात आघाडीवर होते. आंदोलन चिघळलं, जाळपोळही झाली, आणि अखेर कंपनीनं तो बेत सोडला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण नदी आणि डोंगर हा आपल्या उपासनेचाच भाग आहे हे टाळकऱ्यांनी सरकारला सांगितलं, ते योग्यच होतं. तो आवाज आज फेसाबद्दल तितका मोठा का नाही, असा माझा फडकऱ्यांना आणि दिंडीप्रमुखांना आदरपूर्वक प्रश्न आहे.

कारण हे पाणी आकुर्डीत मागे राहत नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना मुळेत, मुळा मुठेत, आणि मुळा-मुठाही भीमेतच. भीमा उजनीच्या जलाशयात थांबते आणि आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडलं की तेच पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागा म्हणून पोचतं. परभणीच्या त्या माउलींनी एकादशीला ओंजळीत घेतलं ते पाणी त्यांच्या मुलाच्या वर्कशॉपच्या नाल्यापासून तुटलेलं नव्हतं. आपण लाडू वाटतो एक दिवस. नाल्यात सोडतो ते तीनशे पासष्ट दिवस.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही वर्षी आकुर्डीला मुक्काम नव्हता, आणि शहराला चुकल्यासारखं वाटलं होतं, असं तिथले लोक अजून सांगतात. म्हणजे ओढ आहे. तिला कामाची दिशा द्यायची आहे, इतकंच.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. आषाढी एकादशी २५ जुलैला येते, म्हणजे पालखी आकुर्डीत पोचेल ती जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसानं जोर धरलेला असताना. उघड्यावरच्या अंघोळी आणि चिखलातल्या राहुट्या तेव्हा आणखी जाचतील. वाचकांपैकी जे कुणी निगडी ते दापोडी या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला आहेत, मग ते व्यवस्थापक असोत, युनियनचे पदाधिकारी असोत की गेटवरचे सुरक्षारक्षक, त्यांना एकच विनंती आहे. त्या एका रात्री तुमची न्हाणीघरं आणि स्वच्छतागृहं दिंडीतल्या बायकांसाठी उघडता येतील का, हे दिवाळीची सुट्टी संपून कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि जमेल तर लेखी अर्ज द्या. परवानग्या, विमा, सुरक्षा, सफाईची माणसं, सगळं ठरवायला आठ महिने हातात आहेत.